तळाला गेलेले पाहुणे

१

जयवंत साटमांच्या डोक्याची डावी बाजू आत गेली होती. शटर ओढायचा लोखंडी दांडा खुर्चीखाली पडला होता आणि त्याला पांढरे केस चिकटले होते. मारणाऱ्याने एका घावात भागवलं नव्हतं. कीबोर्डची अर्धी बटणं फुटून रक्तात विखुरली होती, आणि समोरच्या स्क्रीनवर साटमांनी तिशीत असताना सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तसाच उघडा होता.

संघमित्रा सकपाळ दारातच थिजली. गिरगावातल्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं हे ऑफिस. चार वर्षं ती साटम सरांच्या शेजारच्या टेबलावर बसून काम शिकली होती. आज आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून तिने दुपारनंतर सुट्टी घेतली होती. पाच वाजता ऑफिसातल्या वैभवचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"तुम्ही कोण?" आतून एका बाईंनी विचारलं. उपनिरीक्षक सीमा खोत. चाळिशीच्या, आवाज बसलेला, हातात प्लॅस्टिकचे मोजे.

"मी इथेच कामाला आहे. संघमित्रा सकपाळ."

खोतबाईंनी वही बंद केली. "राकेश सकपाळ तुमचा कोण?"

"धाकटा भाऊ. का?"

"त्याला हॉस्पिटलात नेलंय. सव्वाचारला दोन्ही हात रक्ताने भरलेले घेऊन तो इथून खाली उतरला. वाडीतल्या लोकांनी बांबूंनी मारला. आम्ही पोचलो नसतो तर वर एक आणि खाली एक असे दोन पंचनामे करावे लागले असते."

२

राकेशचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डावा डोळा सुजून पार मिटला होता आणि तीन बरगड्या गेल्या होत्या. त्याला बोलता येत नव्हतं, लिहिण्याइतकी शुद्धही नव्हती, आणि जे बोलायला हवं होतं ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. खाटेशी हवालदार बसलेला. वरळीच्या बीडीडी चाळीतून आई, बकुळाबाई, आली होती. ती रडत नव्हती. ती फक्त त्याच्या पायावरून हात फिरवत होती.

खोतबाईंनी संघमित्राला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"सरळ सांगते. तुमचा भाऊ शिवडीच्या गोदामात लॉरी चालवतो. गेटच्या रजिस्टरमध्ये अकरा दिवस गैरहजर दिसला म्हणून काल त्याला काढला. रजिस्टरचा प्रोग्रॅम साटमांचा. नाक्यावर चार लोकांसमोर हा बोलला, 'त्या म्हाताऱ्याला जाऊन विचारतोच.' आणि मग हे रक्त. परवा गुन्हा लावून कोर्टात उभा करणार मी. तुमच्याकडे दुसरं नाव असेल तर परवाच्या आत द्या."

"तो कामावर जात होता, मॅडम. डबा मी भरून द्यायची रोज."

"मग रजिस्टर खोटं?"

तिथेच खरी गोम होती. रजिस्टरमधून ओळी गायब होत आहेत हे साटमांच्या गेल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. प्रोग्रॅम रोज किती नोंदी केल्या ते वेगळं मोजून ठेवायचा, आणि मोजणीपेक्षा ओळी कमी भरत होत्या. सरांना वाटलं, आपलंच जुनं लिखाण कुठेतरी ओळी गिळतंय.

लिखाणही तसंच होतं. काम एवढंसं: माणसाने गेटवर कार्ड लावलं की रजिस्टरची फाइल उघडायची, एक ओळ लिहायची, फाइल बंद करायची. पण फाइल उघडली का, उघडली असेल तर कार्ड वाचता आलं का, आलं असेल तर नाव यादीत आहे का, असेल तर पाळी कोणती, असं एका 'तर'च्या पोटात दुसरा 'तर' करत साटम नऊ पायऱ्या खाली उतरले होते. खरं काम इतकं आत दडलं होतं की ती ओळ स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर जायची. चूक शोधायची म्हणजे नाकी नऊ.

संघमित्राने सोमवारी तो सगळा गुंता सरळ केला. एकेक प्रश्न आधीच विचारायचा, पुढचं काम नसेल तर तिथूनच परत फिरायचं, आणि मुख्य काम डावीकडे उघड्यावर ठेवायचं. नऊ पायऱ्यांच्या दोन झाल्या. जुन्यात बाहेर पडायला शेवटी एकच दार होतं, नव्यात सहा झाली. साटमांनी दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "माझोच प्रोग्रॅम गो, पण आज माका कळलो."

मंगळवारी, म्हणजे आजच सकाळी, तिने शिवडीला जाऊन तो गेटवर बसवला. चोरून. कारण ऑफिसचे मालक अनिश पारकर यांचा दंडकच होता, चालतंय त्याला हात लावायचा नाही. आपलंच घर झाडावं तर चोरासारखं झाडावं लागतं, याचा तिला कायम संताप यायचा.

आणि दुपारी दोन वाजता सरांचा मेसेज आला होता. तिने फोन खोतबाईंपुढे धरला. "प्रोग्रॅम निर्दोष. सकाळी दोन लॉऱ्यांच्या ओळी नीट लिहिल्या गेल्या, बारापर्यंत गायब. ओळी माणूस काढतोय. उद्या बोलू."

खोतबाईंनी तो दोनदा वाचला. "त्या फाइलला हात लावू शकणारे किती?"

"पासवर्ड चौघांकडे. साटम सर, मी, वैभव आणि अनिश सर."

"त्यातला एक मेलाय आणि दुसऱ्या तुम्ही," खोतबाई म्हणाल्या. "उरले दोन."

३

बुधवारी सकाळी खोतबाईंनी तिला बरोबर घेतलं. कम्प्युटरचं बोलणं समजावून सांगायला कोणीतरी हवं होतं, आणि आरोपीची बहीण डोळ्यांसमोर राहिलेली बरी, असाही त्यांचा हिशेब असावा.

वाडीच्या तोंडाशी कमळाबाईंचं पोळीभाजीचं दुकान. कमळाबाईंनी संघमित्राकडे पाहिलंच नाही.

"पावणेचारला वर धाडधाड आवाज इलो," त्या खोतबाईंना म्हणाल्या. "माका वाटला, लादी फोडतत. रेडिओवर नाटक सुरू व्हायचा होता, म्हणून वेळ आठवता. त्याच्याआधी कोण वर गेला ता माका दिसूक नाय, मी आत चुलीकडे होतंय. मग चार वाजून धा मिनिटांनी हिचो भाऊस वर गेलो. तो खाली इलो तो रक्तान माखलेलो."

"तुम्ही काय केलंत?"

"मी वराडलंय. 'मारल्यान, मारल्यान' म्हणून." कमळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मगे पोरा धावली."

संघमित्राला त्या बाईच्या कानफटात मारावीशी वाटली. पण तिने स्वतःला आवरलं, कारण बाईने नकळत राकेशचा अर्धा बचाव करून टाकला होता. आवाज पावणेचारचा आणि राकेश आला चार-दहाला. खोतबाईंनी मान हलवली. "अर्धाच. आवाज लादीचाही असू शकतो. वकील हसेल."

वैभव तावडे दादरला मामाकडे लपून बसला होता. तिशीचा, उंच. त्याच्या गालावर जुना ओरखडा होता. गेल्या आठवड्यात त्याची आणि साटमांची कामावरून वाजली होती, आणि त्याने चक्क सरांची गचांडी धरली होती. ओरखडा सरांच्या अंगठीचा.

"मी मारलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "तीन वाजता शिवडीला होतो मी. गेटच्या प्रिंटरचा पट्टा तुटला होता, तो बदलायला. पाहुण्याचा पास घेऊन आत गेलो. रजिस्टर बघा ना."

"तिथे अनिश पारकर दिसले?"

"सर? नाही. पण मी आत वजनकाट्याकडे होतो, मॅडम. आले असतील. सर सांगतात तर आलेच असतील."

"काय सांगतात सर?"

"की तेही शिवडीलाच होते. काल रात्री फोन करून म्हणाले, कोणी विचारलं तर सांग, आपण दोघं तिथेच होतो."

४

अनिश पारकर घरीच भेटला. नीटनेटका माणूस. पन्नाशी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. बॅडमिंटन खेळताना मुरगळलं, असं त्याने कोणी विचारण्याआधीच सांगितलं.

"संघमित्रा, तुझ्या घरावर काय कोसळलंय ते मला कळतं," तो म्हणाला. "वकिलाचं मी बघतो. पण पोलिसांना फाटे फोडायला लावू नकोस. साटम मला वडिलांच्या जागी होते."

"काल दुपारी तुमचा फोन घरी होता, असं कळलं," खोतबाई म्हणाल्या.

"विसरलो. होतं कधीकधी." त्याने टेबलावरचा कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. "मी शिवडीला होतो. गेटचा कॅमेरा आठवडाभर बंद आहे, पण रजिस्टर आहे. मंगळवारची पूर्ण प्रिंट. मुद्दाम काढून आणली, घ्या."

खोतबाईंनी बोट फिरवत ओळ शोधली. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं, अनिश पारकर, पाहुणा. वरची ओळ तीन-अडतीसची, एका हमालाची. खालची तीन-चव्वेचाळीसची, एका ड्रायव्हरची. वेळेच्या क्रमाने अगदी चपखल बसलेली. तीन-एक्केचाळीसला शिवडीच्या गेटवर असलेला माणूस पावणेचारला गिरगावात दांडा चालवू शकत नाही.

"झालं तर," खोतबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या. "वैभवही तिथे, हेही तिथे. उरतो तुमचा राकेश."

संघमित्रा जिन्यातच बसली. तिने प्रिंट मांडीवर घेतली आणि वैभवची ओळ शोधायला लागली. तीनच्या आसपास नव्हती. सव्वातीनला नव्हती. तिने शेवटचं पान काढलं. रजिस्टर रात्री आठ वाजता संपलं होतं, आणि त्या आठच्या ओळीच्याही खाली, अगदी तळाला, सहा ओळींचा ढीग पडला होता. दुपारी एक, सकाळी साडेदहा, तीन वाजून पाच, सकाळी नऊ. वेळेचा काही धरबंध नव्हता. सहाच्या सहा पाहुणे. त्यात तीन-पाचला वैभव तावडे.

ही चूक कोणाची, हे तिला त्या क्षणी कळलं. साटम सरांनी दोनदा वाचूनही सुटलेली, सोमवारी तिने स्वतःच्या हाताने केलेली चूक. आणि दुसऱ्या क्षणी तिला कळलं की सरांना कोणी मारलं.

"मॅडम," ती म्हणाली, "शिवडीला चला. आणि अनिश सरांनाही तिथे बोलवा."

५

गोदामाच्या गेटवरची केबिन म्हणजे पत्र्याचा खोका. आत टेबल, जुना कम्प्युटर, कार्ड लावायचं यंत्र. बाहेर लॉरीवर पोती चढवणारे माथाडी उभे होते. त्यांचा मुकादम धोंडू राकेशच्या लॉरीवर सहा वर्षं होता, आणि तो सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता.

अनिश पारकर आला तो घड्याळ बघत. "काय तमाशा आहे हा?"

"दोनच मिनिटं, सर," संघमित्रा म्हणाली. "मॅडम, पाहुण्याचा पास लावा."

खोतबाईंनी पास लावला. यंत्र वाजलं. संघमित्राने फाइल उघडून दाखवली. खोतबाईंचं नाव नव्हतं.

"मग बिघडलंय," अनिश म्हणाला.

"हो. मी बिघडवलंय." ती म्हणाली. "फाइलमध्ये लिहिलेली ओळ कम्प्युटर लगेच खाली ठेवत नाही. हातात धरतो, आणि फाइल बंद केली की ठेवतो. साटम सरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बाहेर पडायचं दार एकच, तिथे फाइल बंद व्हायचीच. मी नवा लिहिला त्यात सहा दारं आहेत. पाहुण्याची पाळी मोजायची नसते, म्हणून त्याची ओळ लिहिली की तिथूनच परत. आणि त्या एका दारात मी फाइल बंद करायला विसरले. तपासताना मला दिसलं नाही, कारण प्रत्येक वेळी मी प्रोग्रॅमच बंद करत होते. आता बघा."

तिने प्रोग्रॅम बंद केला आणि फाइल पुन्हा उघडली. सगळ्यात तळाला खोतबाईंचं नाव आलं होतं.

"मंगळवारी सकाळी आठपासून हाच प्रोग्रॅम इथे चालू होता. हे दोघांनाच माहीत होतं, साटम सरांना आणि मला. त्या दिवशी जो कोणी पाहुणा म्हणून या गेटमधून खरोखर आत गेला, त्याची ओळ रात्री आठला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत फाइलमध्ये येणं शक्यच नव्हतं. सहा जण आले, सहाही तळाला पडले. वैभवसुद्धा. सातवा पाहुणा तेवढा मधोमध, आपल्या वेळेवर, शहाण्यासारखा बसलाय."

खोतबाईंनी प्रिंट पुन्हा उलगडली आणि तीन-एक्केचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती ओळ यंत्राने लिहिलेली नाही, सर. हाताने लिहिलीय. संध्याकाळी, आठच्या आधी. आठनंतर तुम्ही फाइल उघडली असतीत तर तळाचा ढीग तुम्हाला दिसला असता आणि तुम्ही आपलं नावही त्यातच टाकलं असतंत. प्रिंट काढलीत तेव्हा शेवटचं पान बघितलं नाहीत. लॉऱ्यांच्या ओळी काढायचात तशीच ही घातलीत. त्या लॉऱ्यांबरोबर त्यांचे ड्रायव्हरही काढलेत, म्हणून माझा भाऊ गैरहजर. सरांनी तुम्हाला ऑफिसात बोलावून जाब विचारला. मनगट बॅडमिंटनने नाही मुरगळलं. दांड्याने मुरगळलं."

खोतबाई पुढे सरकल्या, पण अनिश जवळ होता. दाराशी पोती ओढायचा हूक टांगलेला होता. त्याने तो खेचला आणि पहिल्याच फटक्यात खोतबाईंचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा केला. रक्ताची पिचकारी पत्र्यावर उडाली. दुसऱ्या हाताने त्याने संघमित्राचे केस पकडले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. तिच्या तोंडात दात सुटा झाला. "चालतंय त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना," तो दर शब्दाला आपटत होता. "सांगितलं होतं ना!"

तिने आंधळेपणाने मागे लाथ झाडली. ती त्याच्या गुडघ्यावर बसली. पकड सैल झाली तशी तिने टेबलावरचं कार्डाचं यंत्र उचलून त्याच्या मुरगळलेल्या मनगटावर घातलं. हूक पडला. तो दारातून बाहेर धडपडला, थेट माथाड्यांच्या पुढ्यात.

धोंडूने सगळं ऐकलं होतं. त्याने एकच विचारलं, "ह्यानंच का?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

आठदहा जण तुटून पडले. संघमित्रा चौकटीला धरून बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. प्रत्येक लाथेगणिक बरं वाटलं. तो पांढरा शर्ट लाल झाला, त्याने हात जोडले, हातावर लाथ बसली. मग कोणाच्या तरी बुटाखाली हाड मोडल्याचा आवाज आला आणि तो ओरडायचा थांबला. त्याचा जबडा खाली लोंबायला लागला होता.

ती धावली. काय करतोय हे कळायच्या आत ती त्याच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली.

"बस झालं!" तिच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द बाहेर पडले. "धोंडूदादा, बस! मेला तर बोलणार कोण? राकेश सुटणार कसा?"

६

अनिश पारकर वाचला, आणि जबडा बांधलेला असताना डाव्या हाताने लिहून का होईना, बोलला. दुसऱ्यांच्या गोदामांतून उचललेला औषधांचा माल त्या लॉऱ्यांतून यायचा, आणि गेटवर त्यांचा माग राहू नये म्हणून तो ओळी काढायचा. साटमांनी गायब ओळींची यादी टेबलावर ठेवली, आणि उद्या पोलिसांकडे जाणार म्हणाले. तो मागे वळला तेव्हा दांडा शटरला टेकून उभा होता.

गुरुवारी सकाळी खोतबाई हात गळ्यात अडकवून हॉस्पिटलात आल्या. जबाबाच्या कागदावर त्यांनी पेन टेकवलं.

"तुमच्या चुकीचं काय लिहू? 'तांत्रिक दोष' लिहिते. कोर्टात वकील तुमचं नाव काढून सालटी सोलेल, पुढे कोणी कामावर ठेवायचं नाही."

"नको, मॅडम. चूक माझी आहे, माझ्या नावाने लिहा. तांत्रिक दोष म्हटलं की तो म्हणेल यंत्रानेच गडबड केली. कुठल्या दारात काय विसरले ते मी तुम्हाला ओळीनिशी सांगते." सुजलेल्या ओठांनी तिने ते सांगितलं आणि सही केली. साटम सर असते तर आधी रागावले असते, मग चहा मागवला असता. ते आता नाहीत, हे तिला त्या सहीनंतर खरंखुरं कळलं, आणि ती तिथेच रडली.

राकेशच्या खाटेशी आता हवालदार नव्हता. त्याचा जबडा तारांनी बांधला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. साटम सर खुर्चीत पडलेले बघून त्याने त्यांना उचलायचा प्रयत्न केला होता, म्हणून ते रक्त का, असं तिने विचारलं. त्याने मान हलवून हो म्हटलं. मग त्याने फोन मागितला आणि एका बोटाने टाइप करून तिच्यापुढे धरला.

"अनिशला किती जण मारत होते?"

"आठ-दहा असतील."

"तू एकटी मधे पडलीस?"

"हो रे."

मग त्याने पुन्हा टाइप केलं. एकेक अक्षर लावायला वेळ लागत होता, आणि आई वाकून वाचायचा प्रयत्न करत होती.

"माझ्या वेळी वाडीत दोनशे माणसं होती."

संघमित्राने फोन बाजूला ठेवला आणि त्याचा हात धरून बसली.